ओढायची ताकद, पेलायची ताकद

अमेरिकेत पिकअप घ्यायला गेलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो 'ही किती ओढते?' हा. उत्तरही तयार असते. टोयोटा टॅकोमा ६,५०० पौंडांच्या आसपास, फोर्ड रेंजर ७,५००, शेव्हरोले कोलोरॅडो ७,७००. यांच्याहून लहान फोर्ड मॅव्हरिकसुद्धा टोइंग पॅकेज असेल तर ४,००० पौंड, म्हणजे १,८०० किलो ओढते. तिकडे या गाड्या छोट्या गणल्या जातात. भारतात हायलक्स म्हणून दिसणारी गाडी साधारण टॅकोमाच्याच अंगाबांध्याची आहे. मग त्या आकड्यात बसेल असा कॅम्पर, म्हणजे पलंग, शेगडी आणि संडास असलेली चाकांवरची खोली, विकत किंवा भाड्याने घेतला जातो. गावातल्या रस्त्यांवर काही जाणवत नाही. इंटरस्टेटवर ताशी ६५ मैलांचा, म्हणजे १०५ किलोमीटरचा वेग पकडला आणि शेजारच्या लेनमधून अठरा चाकी ट्रक सपकन पुढे गेला, की आरशात कॅम्पर डावीउजवीकडे डुलताना दिसू लागतो आणि पिकअपची मागची बाजू त्याच्याबरोबर खेचली जाते. बहुतेक वेळा दोनचार हेलकाव्यांत हे थांबते. थांबले नाही, तर दोन्ही मिळून रस्त्यावर आडवे होतात. या डुलण्याचे खापर वाऱ्यावर, ट्रकवर नाहीतर जोडणीच्या हिचवर फोडले जाते आणि उपाय दुकानात शोधला जातो. खरे कारण बहुधा घरासमोर कॅम्पर भरतानाच तयार झालेले असते. छोट्या पिकअपच्या बाबतीत तर ते त्याही आधी, गाडी आणि कॅम्पर यांची जोडी जमवताना. ही गाडी ओढायला कमी पडत नाही. ती पेलायला कमी पडते.

डुलण्यामागचे शास्त्र फार अवघड नाही. कॅम्पर पिकअपला एका लोखंडी गोळ्यावर, हिच बॉलवर जोडलेला असतो आणि तो गोळा पिकअपच्या मागच्या चाकांच्याही साधारण चार फूट मागे असतो. कॅम्परने बाजूला धक्का दिला की तो पिकअपच्या शेपटीला बसतो, मागची चाके टेकूसारखी राहतात आणि पिकअपचे तोंड उलट दिशेला वळते. तोंड वळले की गाडी तिकडे सरकते, कॅम्परला आपल्यामागे खेचते आणि कॅम्पर पहिल्यापेक्षा दुसऱ्या बाजूला झुलतो. या परस्परांच्या धक्काबुक्कीला आवर घालतात ते टायर. टायरचे तोंड ज्या दिशेला आहे आणि तो प्रत्यक्षात ज्या दिशेला चालला आहे, त्या दोहोंतल्या कोनाच्या प्रमाणात तो बाजूला सरकायला विरोध करतो. कॅम्परची चाके सेकंदाला एक फूट या गतीने बाजूला सरकत असतील, तर ताशी ३० मैलांवर हा कोन जेवढा असतो त्याच्या निम्माच ६० मैलांवर भरतो. कोन निम्मा, म्हणून विरोधही निम्मा. वेग वाढेल तसा प्रत्येक हेलकावा विरायला जास्त वेळ घेतो आणि एका ठरावीक वेगापुढे तो विरतच नाही, उलट दर फेरीला मोठा होत जातो. हा सीमेचा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो आणि कॅम्परमधले सामान हलवले की तोही खालीवर होतो. ५५ मैलांवर गाडी अगदी सरळ चालते असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याची जोडी सीमेच्या अलीकडे असते इतकेच, आणि दहा मैलांनी ती पलीकडे गेलेली असू शकते. वारा, ट्रक, रस्त्यातला खड्डा ही सगळी निमित्ते आहेत. ती प्रत्येकाच्या वाट्याला येतात, पण प्रत्येकाचा कॅम्पर काही उलटत नाही.

ही सीमा कुठे पडेल ते कॅम्परमध्ये वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे यावर जास्त ठरते. एक प्रात्यक्षिक आता बऱ्याच जणांनी पाहिलेले असेल. व्यायामाच्या ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी, तिच्यामागे दोन चाकांचा छोटा ट्रेलर आणि त्यावर पुढेमागे सरकवता येतील अशी वजने. वजने चाकांच्या जरा पुढे ठेवून ट्रेलरच्या शेपटीला बोटाने टिचकी मारली, तर तो एकदोन झोके खाऊन सरळ होतो. तीच वजने मागच्या टोकाला सरकवली आणि तशीच टिचकी मारली की झोके वाढत जातात आणि बघता बघता गाडी आडवी होते. पट्ट्याचा वेग तोच, एकूण वजनही तेच. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी खऱ्या मोटारीमागे असाच प्रयोग केला. वजन, चाकांची जागा आणि वजनाची पसरण हवी तशी बदलता येईल असा ट्रेलर त्यांनी मुद्दाम बनवून घेतला होता. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की पसरण, हिचवर पडणारा भार आणि चाकांची जागा यांचा स्थैर्यावर मोठा परिणाम होतो आणि निव्वळ वजनाचा त्या मानाने बेताचा. आपल्याकडच्या गाडीवानाला यातला अर्धा भाग कोणी न शिकवता ठाऊक होता. पोती मागे जास्त झाली की बैलगाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, म्हणून थोडासा भार मानेवर राहील अशा बेताने तो गाडी भरतो. उरलेल्या अर्ध्या भागाची त्याला गरज पडली नाही, कारण बैल ताशी ६० मैलांनी धावत नाहीत.

बैलांच्या मानेवरच्या त्या भाराला अमेरिकेत टंग वेट म्हणतात आणि मागे जोडायच्या ट्रेलरसाठी त्याचे तिकडचे रूढ प्रमाण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के आहे. ट्रेलर भाड्याने देणारी यू-हॉल ही कंपनी गिऱ्हाइकाला टंग वेटच्या टक्केवारीत न शिरवता सांगते, की ६० टक्के सामान पुढच्या अर्ध्या भागात ठेवा आणि ५५ मैलांच्या वर जाऊ नका. हे प्रमाण किती सहज बिघडते ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. समजा कॅम्पर भरून ४,५०० पौंडांचा आहे आणि हिचवर ५४० पौंड येतात, म्हणजे १२ टक्के. चाकांपासून हिचपर्यंतचे अंतर १५ फूट. आता मागच्या बंपरवर, चाकांपासून १० फुटांवर, स्टँडसकट १८० पौंडांच्या दोन इलेक्ट्रिक सायकली टांगल्या. तरफेच्या साध्या नियमाने हिचवरचे १२० पौंड उचलले गेले. उरले ४२०, आणि एकूण वजन झाले ४,६८०. प्रमाण १२ वरून थेट ९ टक्क्यांवर आले. एवढ्यावरही भागत नाही. झुलणाऱ्या वस्तूचा हट्ट वजनाच्या अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १० फुटांवरच्या सायकली अडीच फुटांवर ठेवलेल्या त्याच सायकलींपेक्षा झोका वाढवायला सोळापट जोर लावतात. म्हणूनच मागे चढवलेल्या वजनाची भरपाई पुढे तेवढेच वजन टाकून पूर्ण होत नाही. टक्केवारी जागेवर येते, पण दोन्ही टोकांना वजन लटकलेला कॅम्पर एकदा झुलला की लवकर थांबत नाही. जड सामान चाकांच्या आसपास, किंचित पुढे आणि खाली जमिनीलगत असावे हा नियम इथून आला आहे. पाण्याच्या टाकीचेही तेच. ४० गॅलन पाणी ३३० पौंडांच्या वर भरते आणि टाकी चाकांच्या मागे आहे की पुढे हे कॅम्परगणिक बदलते. प्रवासात स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी होत जाते आणि सांडपाण्याची भरत जाते, म्हणून निघताना बरोबर असलेले प्रमाण परतीच्या वाटेवर बरोबर असेलच असे नाही.

इथवरचे सगळे मोठ्या ट्रकलाही लागू आहे. छोट्या पिकअपची अडचण इथून पुढे सुरू होते. ड्रायव्हरचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी दिसते आणि प्रवासी व सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असे तिच्यावर छापलेले असते. हा त्या विशिष्ट गाडीचा पेलोड. हिचवरचा भार याच खात्यात मोजला जातो, कारण तो पिकअपच्या पाठीवर बसतो. समजा पट्टीवर १,२०० पौंड लिहिले आहेत. आईबाप आणि दोन वाढत्या वयाची मुले, मिळून ५६० पौंड. मागच्या हौद्यात बर्फपेटी, हत्यारे, सरपण, खुर्च्या, २०० पौंड. हिचचे लोखंड ८० पौंड. उरले ३६०. हिचवर १२ टक्के यायचे असतील तर ३६० पौंडांत बसणारा कॅम्पर भरून ३,००० पौंडांचा, म्हणजे १,३६० किलोंचा भरतो. जाहिरातीत याच गाडीपुढे ६,५०० लिहिलेले असते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारे मराठी कुटुंब यलोस्टोनला जाण्यासाठी कॅम्पर भाड्याने घेते, तेव्हा मालक जे 'कोरडे' वजन सांगतो त्यात पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी आणि अंथरुणे धरलेली नसतात, हेही इथे लक्षात ठेवलेले बरे.

आता या कात्रीत सापडलेला माणूस काय करतो ते पाहा. ५,००० पौंडांचा कॅम्पर जोडला, हिचवर ६०० पौंड आले, पिकअप मागून खाली बसली आणि दिवे आकाशाकडे गेले. हे डोळ्यांना दिसते, म्हणून ते दुरुस्त करावेसे वाटते. तो सामान कॅम्परच्या मागच्या कपाटात सरकवतो, पुढच्या टाकीतले पाणी सोडून देतो, सायकली मागे टांगतो. पिकअप पुन्हा ताठ उभी राहते आणि छायाचित्रात जोडी सुरेख दिसते. पण दिसणारा दोष घालवताना त्याने न दिसणारा दोष विकत घेतला आहे, आणि तो ६५ मैलांच्या आत उघडा पडणार नाही. ज्या भाराने कॅम्पर सरळ चालतो तोच भार छोट्या पिकअपला सोसत नाही, आणि सोसावा म्हणून तो कमी केला की कॅम्पर डुलतो. मधली वाट एकच उरते, ती म्हणजे हलका कॅम्पर.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कंपनीने चाचण्या करूनच आकडा दिला आहे ना? दिला आहे, आणि तो खोटा नाही. एसएई जे२८०७ नावाचे मानक २००८ साली आले आणि पुढे एकेका कंपनीने ते स्वीकारले. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने आकडा ठरवत असे. या मानकातली गाजलेली चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर होते. उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाखाली न येता चढ संपवायचा. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांची ही कसोटी आहे. डुलण्याचीही चाचणी मानकात आहे, पण तिच्यातला ट्रेलर तज्ज्ञांनी नीट भरलेला असतो आणि पिकअपमध्ये दीडदीडशे पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. बंपरवर सायकली नसतात, मागच्या सीटवर मुले नसतात. ६,५०० हा आकडा गाडीच्या ताकदीची कमाल सांगतो. तुमच्या घरच्या माणसांसकट, तुमच्या सामानासकट काय जमेल हे तो सांगत नाही. ते दारावरची पट्टी सांगते. विकणाऱ्याने पहिला आकडा मोठ्या अक्षरात आणि दुसरा दाराच्या फटीत ठेवावा यात नवल नाही, पण घेणाऱ्याने वाचण्याचा क्रम उलटा ठेवायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप हिच विकणाऱ्यांचा आणि तो जास्त गंभीर आहे, कारण त्यांचा माल खरोखर काम करतो. प्रश्न काम कोणते करतो एवढाच आहे. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्या. हिचवर ५०० पौंड ठेवले आणि गोळा मागच्या चाकांच्या ४८ इंच मागे असला, तर १२७ इंच व्हीलबेसच्या टॅकोमाची पुढची चाके जवळजवळ १९० पौंडांनी हलकी होतात आणि मागच्यांवर ५०० च्या जागी ६९० येतात. हलक्या पुढच्या चाकांनी स्टिअरिंग ढिले लागते, ब्रेकही कमी पकडतात. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे पोलादी स्प्रिंग-दांडे तरफेसारखे दाबून यातला काही भार पुढच्या चाकांवर परत टाकतात आणि थोडा कॅम्परच्या चाकांवर पाठवतात. पिकअप समतल होते, हाताळणी सुधारते, आणि अनेक छोट्या पिकअपच्या पुस्तिकेत ठरावीक वजनापुढे ही हिच लावाच असे लिहिलेले असते. पण कॅम्परच्या पोटातले वजन तिने इंचभरही सरकत नाही. मागे जड असलेला कॅम्पर मागे जडच राहतो. दांडे हट्टाने जास्त ताणले तर पिकअपच्या मागच्या चाकांवरचा भार नको तितका उतरतो आणि त्यांची पकड सुटायला मदत होते, म्हणजे औषधच बाधते.

डुलणे आवरण्यासाठी म्हणून जी साधने मिळतात त्यांतली बहुतेक घर्षणावर चालतात. हिच आणि ट्रेलरच्या दांड्यात ब्रेकच्या पॅडसारखे काहीतरी घट्ट आवळलेले असते आणि सांधा फिरायला लागला की ते अडवते. लहानसहान झोके यामुळे मरतात आणि लांबच्या प्रवासात ड्रायव्हरचे खांदे कमी दुखतात. पण घर्षणाचा जोर ठरलेला असतो, झोका वाढला म्हणून तो वाढत नाही. झोका छोटा असताना जो जोर पुरतो तोच मोठ्या झोक्यापुढे नगण्य ठरतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हे साधन दुबळे असते. याहून बरी कल्पना हेन्सली किंवा प्रोप्राइड या हिचमध्ये आहे. त्यांत चार दांड्यांच्या जोडणीमुळे सांधा प्रत्यक्ष गोळ्याजवळ असूनही वागताना पिकअपच्या मागच्या चाकांच्या जवळ असल्यासारखा वागतो. सांधा चाकांच्या जवळ आला की कॅम्परचा धक्का पिकअपचे तोंड वळवू शकत नाही आणि धक्काबुक्कीची साखळी तुटते. फिफ्थ व्हील ट्रेलर याच कारणाने जवळजवळ डुलत नाहीत, त्यांचा सांधा हौद्यात, मागच्या चाकांच्या वरच असतो. मात्र हेन्सलीसारखी हिच महाग आहे आणि वजनदारही, आणि तिचे लोखंड पुन्हा त्याच पेलोडच्या खात्यात लिहिले जाते. पिकअपमधली इलेक्ट्रॉनिक ट्रेलर स्वे कंट्रोल यंत्रणा हेलकावा ओळखून एकेक चाक आलटूनपालटून ब्रेक करते आणि इंजिनचा जोर कमी करते. ती प्राण वाचवते यात शंका नाही. पण ती डुलणे सुरू झाल्यावर जागी होते. दर तासाला एकदा जागी होत असेल, तर यंत्रणा चांगली आहे म्हणून समाधान मानण्यापेक्षा कॅम्पर उघडून पाहिलेला बरा.

सर्वांत हुशार आक्षेप युरोपातून येतो. तिकडे सहसा पिकअपही नसते. साध्या कौटुंबिक मोटारी १,२०० ते १,५०० किलोंचे कॅरव्हॅन ओढतात आणि त्यांच्या हिचवर जेमतेम ७५ ते १०० किलो भार असतो, म्हणजे ५ ते ७ टक्के. मग अमेरिकेतल्या १२ टक्क्यांचे कौतुक कशाला? उत्तर असे, की हिचवरचा भार हा स्थैर्याचा एक दोर आहे आणि युरोपने बाकीचे दोर घट्ट धरले आहेत. जर्मनीत कॅरव्हॅन ओढणाऱ्याला मुळात ताशी ८० किलोमीटरचीच परवानगी आहे. १०० हवे असतील तर वजनांचे प्रमाण, टायरचे वय अशा अटी पुऱ्या करून त्याची खास मुद्रा मिळवावी लागते. ब्रिटनमध्ये मर्यादा ताशी ६० मैलांची आहे, आणि नवशिक्यांना तिथे सल्ला दिला जातो की भरलेला कॅरव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर नसावा. कॅरव्हॅनची बांधणीही वेगळी असते. चाके मध्याच्या जवळ, जड वस्तू चाकांभोवती, दोन्ही टोके हलकी. अमेरिकी कॅम्परच्या मागच्या भिंतीला पूर्ण स्वयंपाकघर लावायचे, तो इंटरस्टेटवर ७० ने पळवायचा आणि हिचवरचा भार मात्र युरोपचा ठेवायचा, ही त्यांच्या पद्धतीतली सोयीची तेवढी ओळ उचलणे झाले. गंमत म्हणजे ब्रिटनचा ८५ टक्क्यांचा सल्ला २,००० किलोंच्या पिकअपला लावला तर उत्तर १,७०० किलो येते. दारावरच्या पट्टीने काढलेल्या १,३६० किलोंच्या ते बरेच जवळ आहे आणि जाहिरातीतल्या जवळजवळ ३,००० किलोंपासून बरेच दूर. दोन देशांनी दोन वेगळ्या वाटांनी काढलेला हिशेब साधारण एकाच गल्लीत पोचतो.

मोठा ट्रकच घ्या ना, हा सल्ला अमेरिकेत फुकट मिळतो. त्यात तथ्य आहे. लांब व्हीलबेस आणि जड मागची बाजू कॅम्परच्या धक्क्याने सहज हलत नाही, आणि पेलोड जास्त असल्याने हिचवर योग्य भार ठेवता येतो. पण मोठा ट्रक वाईट भरलेल्या कॅम्परची सीमा वर ढकलतो, नाहीशी करत नाही. कॅम्पर वर्षातून दोनतीन वेळा लागणार आणि बाकीचे दिवस गाडी ऑफिसला आणि बाजारात जाणार, तर त्यासाठी पन्नास आठवडे अवजड गाडी बाळगण्यापेक्षा कॅम्पर लहान घेण्यात जास्त शहाणपण दिसते. असे कॅम्पर आहेतही. फायबरग्लासचे १३ फुटी स्कॅम्प दीड हजार पौंडांच्या आसपास असतात आणि १७ फुटी कसिटा भरूनही ३,५०० पौंडांच्या मर्यादेत राहतो. ते अंडाकृती आणि बुटके असल्याने बाजूच्या वाऱ्याला भिंतच कमी मिळते. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या आय-८० च्या टापूवर वारा वाढला की हलकी उंच वाहने थांबवली जातात. तिथे दहा फूट उंच सपाट पेटी घेऊन जाणे आणि असे अंडे घेऊन जाणे यांत फरक पडतोच.

जोडी घरी आधीच असेल तर अंदाज बांधत न बसता ती तोलावी. ट्रकस्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यांच्या तीन फळ्यांवर पिकअपची पुढची चाके, मागची चाके आणि कॅम्परची चाके वेगवेगळी तोलली जातात. एकदा कॅम्पर जोडून, स्प्रिंग-दांडे सैल ठेवून, आणि एकदा माणसे व सामान तेच ठेवून नुसती पिकअप तोलली की पिकअपच्या दोन वजनांतला फरक हा हिचवरचा भार. घरच्या घरीही हे जमते. मजबूत फळी घ्यायची. तिचे एक टोक विटेवरच्या नळीवर आणि दुसरे स्नानघरातल्या वजनकाट्यावर ठेवलेल्या नळीवर टेकवायचे, दोन नळ्यांत चार फूट अंतर. विटेकडच्या नळीपासून एक फुटावर आणि काट्याकडच्या नळीपासून तीन फुटांवर कॅम्परचे हिचला जोडायचे टोक जॅकने हळूच फळीवर उतरवायचे. काटा १३० पौंड दाखवील तर भार त्याच्या चौपट, ५२० पौंड. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्याशिवाय हे करू नये, आणि पाण्याच्या टाक्या प्रवासात असतील तशाच भरलेल्या असाव्यात. रिकाम्या कॅम्परचे मोजमाप कुठल्याच उपयोगाचे नाही. टायरची हवा याच वेळी पाहावी. मऊ टायर बाजूला लवतो आणि वर सांगितलेला विरोध उशिरा देतो. ट्रेलरसाठीच्या बऱ्याच जुन्या टायरांची मर्यादाच ६५ मैल आहे, त्यामुळे त्या वेगाच्या वर जाण्याचा प्रश्न खरे तर तिथेच मिटतो. कॅलिफोर्नियाने ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ ची मर्यादा घातली आहे. ती पाळणारे कमी दिसतात, पण भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर तो नियम कंजूष नाही.

एवढे करूनही कधी डुलणे सुरू झालेच तर हातापायांना सुचते ते बहुतेक चुकीचे असते. स्टिअरिंग उलट फिरवावेसे वाटते, पण माणसाची हालचाल हेलकाव्याच्या मागे पडते आणि आवरण्याऐवजी त्याला हातभार लावते. ब्रेक दाबावासा वाटतो, पण पिकअप मंदावली की कॅम्पर मागून रेटतो आणि पिकअपच्या टायरांची बाजूची पकड ब्रेक खाऊन टाकतो. उतारावर डुलणे जास्त होते ते याच रेट्यामुळे. जोरात पळवून कॅम्पर सरळ ओढून घ्यावा, असा एक जुना सल्ला अजून फिरतो. खेचण्याने क्षणभर फरक पडेलही, पण जी सीमा ओलांडल्यामुळे हे घडले तिच्या आणखी पलीकडे जाण्याचा हा मार्ग आहे. करायचे ते एवढेच, की स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे, ॲक्सलरेटरवरचा पाय उचलायचा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त कॅम्परचे ब्रेक लावायचे. मागचा मंदावला आणि पुढचा चालत राहिला की दोघांमधला सांधा ताणला जाऊन सरळ होतो. ही कळ कुठे आहे हे बोटांना अंधारातही सापडले पाहिजे, म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये ती दोनचार वेळा वापरून पाहावी. हेलकावा थांबला की पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचे, कॅम्परचे मागचे कपाट रिकामे करून त्यातले डबे आणि हत्यारे चाकांच्या किंचित पुढे, जमिनीवर आणायची. सायकली बंपरवरून काढून आत, चाकांच्या वर आडव्या टाकायच्या. रात्री झोपताना त्या बाहेर काढाव्या लागतील, तेवढे चालायचेच.